मामाला आम्ही चुकीचा प्रश्न विचारला

ठाण्यात किसननगरच्या आमच्या चाळीत संध्याकाळी सात-आठ पोरं मामाभोवती कोंडाळं करून बसायचो आणि दर वेळी तेच विचारायचो, "मामा, लढाईत तू किती जण मारलेस?" मामा १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर होता. आर्मी सर्व्हिस कोरमध्ये ड्रायव्हर. त्यानं कुणालाच मारलं नव्हतं. तो शक्तिमान ट्रक चालवायचा. ट्रकमध्ये आटा, डाळ, रॉकेल, दारूगोळ्याच्या पेट्या, आणि परतताना कधी कधी जखमी माणसं. हे त्यानं एकदोनदा सांगून पाहिलं. आमचे चेहरे उतरले. आमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, "म्हणजे तू खरा सैनिक नव्हतास?" त्यानंतर मामानं लढाईचा विषय आपणहून काढला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मामाला जाऊन आता सहा वर्षं झाली.

हा प्रश्न फक्त पोरांचा असता तर त्यावर लिहायची गरज नव्हती. पण मोठी माणसं, मंडळं, पुढारी, टीव्हीवाले, सगळे सैनिकाला फिरवून फिरवून हेच विचारतात. धारातीर्थी पडलेल्याचं नाव चौकाला देतात, शौर्यपदक मिळवणाऱ्याला शाल-श्रीफळ देतात. ते दिलंच पाहिजे, त्यात काही कमी होऊ नये. पण जो गेला, नेमून दिलेलं काम करत राहिला, हातीपायी धड परत आला आणि पुढची तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या कुठल्यातरी गेटवर उभा राहिला, त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही असेल असं आपल्याला वाटतच नाही. माझं म्हणणं आहे की त्याच्याजवळच सगळ्यात जास्त आहे. ते नोंदवून ठेवणं ही ठाणे आणि नवी मुंबई या शहरांनी अंगावर घ्यायची जबाबदारी आहे, आणि तिला आता फार थोडी वर्षं उरली आहेत. १९७१ मध्ये जो विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे.

पलटणीत रायफल घेऊन पुढे धावणाऱ्यांच्या मागे केवढी माणसं राबत असतात याचा आपल्याला अंदाज नसतो. ड्रायव्हर, लंगरमधले आचारी, तारा ओढणारे सिग्नलवाले, पूल बांधणारे सॅपर, जखमा बांधणारे नर्सिंग असिस्टंट, डाकेच्या थैल्या वाहणारे. यांच्यातल्या कित्येकांवर तोफगोळे पडले आणि कित्येकांना आयुष्यात एकदाही शत्रूवर गोळी झाडायची वेळ आली नाही. लढाई म्हणजे काय हे यांना माहीत नसेल तर कुणाला माहीत असणार?

मामाकडून जे तुकडे कानावर पडले ते मी सांगतो. १९६२च्या पराभवानंतर सरकारनं सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं ठरवलं आणि गावोगाव भरती निघाली. पाटण तालुक्यातल्या आमच्या आजोळी दीड एकर जिराईत आणि खाणारी तोंडं नऊ. मामा १९६४ मध्ये भरती झाला, तो देशप्रेमानं की भाकरीसाठी, असं विचारणाऱ्याला ते घर माहीत नाही. तिथं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नव्हत्या. त्याची पत्रं यायची त्यावर नंबर, नाव, युनिट आणि शेवटी 'द्वारा ९९ एपीओ', म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय, एवढंच. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. पूर्वेकडच्या सगळ्या सैन्याचा तोच पत्ता. आजी पोस्टमनला विचारायची, "हे नव्व्याण्णव कुठं आलं?" आणि त्यालाही सांगता यायचं नाही. मुलगा कुठे आहे हे कळायला नको अशीच ती व्यवस्था होती, आणि युद्धात ती तशी असावीच लागते. पण युद्ध संपून पन्नास वर्षं उलटली तरी तो नेमका कुठे होता हे आमच्या घरात कुणाला सांगता येत नाही. 'तुरा' हे नाव त्याच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवतं. ते गारो टेकड्यांमधलं गाव आहे हे मी मोठेपणी नकाशात शोधलं.

दुसरी आठवण डोळ्यांची. त्या वर्षी बंगालमध्ये डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात येत होते, त्याच दिवसांत ती आली म्हणून तिकडच्या लोकांनी तिला 'जय बांगला' असं नाव दिलं होतं. मामाचेही डोळे आले. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, त्या कोमट पाण्यानं सोडवायच्या आणि स्टिअरिंगवर बसायचं. घाटात, रात्री, दिवे झाकलेले. शेजारी बसलेला सोबती रस्त्याकडे बघून 'उजवीकडे, उजवीकडे' असं सांगायचा. हे त्यानं लढाईची गोष्ट म्हणून सांगितलं नव्हतं. माझ्या बहिणीचे डोळे आले होते आणि ती रडत होती, तिची समजूत काढताना सांगितलं. म्हणून मला ते कळलं.

आता त्याच दिवसांचा छापलेला इतिहास बघा. तुराच्या बाजूनं जी फौज खाली उतरली तिच्यात १ मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे जंगी पलटण होती. तिनं ब्रह्मपुत्रा ओलांडून पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या पाठीमागे ठाण मांडलं. शरण या असं पत्र मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या दलाच्या, माणसाच्या हाती आत पाठवलं गेलं, आणि पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या पाकिटात पत्रासोबत बंदुकीची गोळी घालून पाठवली. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. त्याच दिवशी मूळची मराठ्यांचीच असलेली २ पॅरा ही पलटण टांगाइलला हवाई छत्र्यांनी उतरली, आणि १६ तारखेला ढाक्यात शिरलेल्या पहिल्या तुकड्यांमध्ये ती होती. पाकिस्तानी फौज शरण आली, सुमारे ९३ हजार युद्धकैदी. हे सगळं अभिमानानं सांगण्यासारखं आहे आणि मी ते माझ्या मुलांना सांगितलं आहे. पण त्या पलटणीच्या पोटात त्या दिवसांत काय गेलं, पाणी कुठून आलं, जखमींना किती तासांनी दवाखाना दिसला, नद्या ओलांडायला ज्या गावकऱ्यांनी आपल्या होड्या दिल्या त्यांच्याशी आपली पोरं कुठल्या भाषेत बोलली, याची उत्तरं त्या पाकिटातल्या गोळीच्या गोष्टीत नाहीत. ती कुणा ड्रायव्हरच्या, कुणा आचाऱ्याच्या डोक्यात आहेत किंवा होती.

पदकाची कथाही बहुधा दहा मिनिटांचीच असते. कोकणात जाताना माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४, इटली. सेक्शनमधली माणसं पडल्यावर एकट्यानं मशीनगनवर चाल करून गेलेला बावीस वर्षांचा मराठा, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्या दहा मिनिटांचं वर्णन शब्दन् शब्द जपलेलं आहे. पण जहाजात बसल्यापासून त्या टेकडीपर्यंतचा त्यांचा प्रवास? आणि दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात जे सुमारे २५ लाख लोक होते त्यांचं काय? आपल्या शेजारचं उल्हासनगर म्हणजे मुळात त्या युद्धातली कल्याणची छावणी. पुढे तिथे सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये शहराला नाव मिळालं, तरी लोक अजून 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असंच म्हणतात. सैनिकांचा शब्द रिक्षावाल्याच्या तोंडी टिकला. त्या बराकींत राहून पुढे जहाजावर चढलेल्या माणसांचं एक वाक्यही आपल्या जिल्ह्यानं ठेवलेलं नाही.

सामान्य भारतीय सैनिकाचे शब्द जिथे टिकले आहेत तिथे ते कुणी टिकवले, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं होतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या आपल्या शिपायांची पत्रं ब्रिटिश सेन्सॉर फोडून वाचायचे. फितुरीचा वास येतो का हे बघायला त्यांनी उतारे भाषांतरित करून ठेवले, आणि आज त्या शिपायांच्या मनात काय होतं हे आपल्याला त्या उताऱ्यांतून कळतं. जर्मनीत बर्लिनजवळच्या कैद्यांच्या छावणीत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी भारतीय कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. उच्चारांचा अभ्यास हा त्यांचा हेतू. ते आवाज बर्लिनच्या विद्यापीठात आजही ऐकता येतात. एकानं संशयापोटी जपलं, दुसऱ्यानं शास्त्रापोटी. ज्यांची ती माणसं होती त्या आपण मायेपोटीही जपलं नाही.

सरकारी नोंदी आहेतच, मग हे कशाला, असं एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मला विचारलं. नोंदी आहेत, खरं आहे. युनिटच्या वॉर डायऱ्या असतात. संरक्षण मंत्रालयानं जून २०२१ मध्ये धोरणही जाहीर केलं की युद्धाचे कागद साधारण २५ वर्षांनी खुले व्हावेत आणि युद्धांचे इतिहास वेळेत लिहिले जावेत. चांगलंच झालं. पण वॉर डायरीत लिहिलेलं असतं की अमुक वाजता इतक्या गाड्यांचा ताफा निघाला. तिसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचे डोळे चिकटले होते हे तिथे येत नाही, येणारही नाही. तो कागद ताफ्याचा आहे.

म्हाताऱ्या माणसाच्या आठवणींवर विसंबायचं कसं, हा जास्त गंभीर आक्षेप आहे. तारखा चुकतात, नंतर पाहिलेला सिनेमा आठवणीत मिसळतो, स्वतःचा वाटा मोठा होतो किंवा लाजेनं लहान होतो. हे नाकारून चालणार नाही. म्हणूनच एकाचं न घेता शंभर जणांचं घ्यायचं. एकाच रस्त्याबद्दल दहा ड्रायव्हर बोलले की खरं काय ते उरतं. आणि तारीख चुकली तरी ट्रकच्या इंजिनाच्या उबेवर भात गरम केल्याची आठवण सहसा चुकत नाही. अमेरिकेच्या संसदेनं २०००मध्ये कायदा करून तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे हेच काम सोपवलं. सैनिक कुठल्याही हुद्द्याचा असो, किमान ३० मिनिटांचं बोलणं हवं, एवढी साधी अट. फाळणीच्या साक्षीदारांचं बोलणं आपल्याकडे अशाच रीतीनं जमवलं गेलं, आणि तेही बरंच उशिरा.

ज्याला बोलायचं नाही त्याला बोलतं करू नये, हे मात्र मी पहिल्यांदा सांगेन. काहींनी पाहिलेलं असं असतं की ते घरातल्या बाईलाही सांगितलेलं नसतं. त्या गप्प राहण्याला हात लावायचा हक्क कुठल्याही ग्रंथालयाला नाही.

आता पैशांचं. शिपायाला निवृत्तिवेतन मिळायला १५ वर्षांची नोकरी लागते. मामा १९७४ मध्ये, आजोबा अंथरुणाला खिळल्यावर, घरच्या अडचणीसाठी डिस्चार्ज घेऊन आला. नोकरी दहा वर्षं. थोडी रक्कम एकदाच हातात पडली आणि संपली. तो ठाण्यात आला, वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याची गाडी चालवू लागला. कारखाना बंद पडला. मग गेटवरची नोकरी, बारा तासांची पाळी, कधी या ठेकेदाराकडे तर कधी त्या. खासगी सुरक्षारक्षकांसाठी राज्यात १९८१चा कायदा आहे, बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्यासाठी मंडळ आहे, माजी सैनिकांना काम देणारं मेस्को हे महामंडळही पुढे झालं. मामा या कुठल्याच छत्राखाली कधी आला नाही. निवृत्तिवेतन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकांसाठी ध्वजदिन निधीतून मासिक मदत असते. ती दरमहा ४ हजार रुपये होती, २०२५ च्या नोव्हेंबरपासून ८ हजार झाली. मामा होता तेव्हा ती आम्हाला माहीतच नव्हती. सातवी शिकलेल्या मामाला नाही, आणि पदवी घेतलेल्या मलाही नाही. आम्ही कधी अर्जच केला नाही. दर ७ डिसेंबरला मी ध्वज टाचणीनं खिशाला लावून पैसे देत होतो, आणि ज्याच्यासाठी तो निधी आहे तो माणूस माझ्याच घरात चहा पीत होता. हे मला आजही सलतं.

२०२० मध्ये राज्यानं माजी सैनिकांना एका घराचा मालमत्ता कर माफ केला. पण घर सैनिकाच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नावावर हवं. ज्याचं घरच नाही, जो चाळीत भाड्यानं राहिला किंवा मुलाच्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये झोपतो, त्याच्यापर्यंत ती सवलत पोचत नाही. नोंद आणि मदत या गोष्टी वेगळ्या नाहीत असं मी म्हणतो ते यासाठी. त्याच्याकडे कुणीतरी तासभर बसून 'तुम्ही कुठे होता, किती वर्षं होता, परत का आलात' असं विचारलं असतं, तर विचारणाऱ्याच्या लक्षात आलं असतं की याला निवृत्तिवेतन नाही. बोलण्याची नोंद करायला गेलेला विद्यार्थी परतताना अर्जाचा कागदही देऊन येऊ शकतो.

हा फक्त म्हाताऱ्यांचा विषय आहे असं समजू नका. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही आणि 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी जागा राखल्या आहेत, पण सगळे तिथे मावणार नाहीत. शहापूर-मुरबाडची, दिवा-कळव्याची पोरं परत येतील, वय बावीस-पंचवीस. त्यांच्यातल्या काहींनी मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते चार दिवस सीमेवर काढलेले असतील. माजी सैनिकांच्या नोंदवहीत त्यांना जागा नसेल, तर त्यांनी काय पाहिलं हे कुठे राहील? मामाची दहा वर्षं कमी भरली, यांची चारच ठरवून भरतील. योजना योग्य की अयोग्य यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. जो सेवा करून आला त्याचं नाव शहराच्या कुठल्यातरी कागदावर असलं पाहिजे, याबद्दल तरी वाद नसावा.

त्याच मे महिन्यात देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले, भोंगे वाजले. आमच्या इमारतीतल्या मुलांनी 'ब्लॅकआउट म्हणजे काय' असं विचारलं. १९७१ मध्ये मी पाच वर्षांचा होतो, आई खिडक्यांना काळा कागद चिकटवत होती एवढंच मला आठवतं. व्हॉट्सअपवर मात्र तज्ज्ञ भरपूर होते. आता घुसायलाच हवं, आता थांबायचंच नाही. तळमजल्यावर राहणारे, दोन युद्धं पाहिलेले एक हवालदार काका शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना कुणीही काही विचारलं नाही. ते युद्धाच्या विरोधात बोलले असते असं मला म्हणायचं नाही. ते वेगळं बोलले असते, एवढं नक्की. दोनशे किलोमीटर पुढे जाणाऱ्या फौजेच्या मागे किती ट्रक लागतात, हे ज्याला ठाऊक आहे तो 'घुसा' हा शब्द जपून वापरतो.

करायचं कुणी? आपल्याकडे सगळं आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, शब्द जपणं हाच त्याचा धर्म. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंदणी आहे. दोन्ही महापालिकांकडे करमाफीचे अर्ज आहेत, म्हणजे पत्ते आहेत. महाविद्यालयांत एनसीसी आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आहेत, प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. यासाठी स्मारकाच्या चौथऱ्याइतकाही खर्च नाही. सैनिकाची लेखी परवानगी, त्याला नको असलेला भाग काढून टाकण्याचा त्याचा हक्क, आणि आजही कामाची ठरेल अशी लष्करी माहिती न विचारण्याचं बंधन, एवढे नियम आधी ठरवावेत. आणि मराठीत बोलू द्यावं, ज्याच्या त्याच्या मराठीत. साताऱ्याची, चिपळूणची, लातूरची, जशी असेल तशी. फौजेतली हिंदी मध्ये येईल, ती येऊ द्यावी.

वाट बघत बसण्यापेक्षा मी सुरुवात केली आहे. मागच्या रविवारी त्याच हवालदार काकांकडे गेलो. पहिला अर्धा तास ते 'आमचं काय विशेष' म्हणत राहिले. "मी सिग्नलला होतो, तारा जोडायचो," एवढंच. मी विचारलं, तार तुटली हे कळायचं कसं आणि रात्री ती शोधायची कशी? मग ते खुर्चीत पुढे सरकले. तार तळहातातून सोडत अंधारात चालायचं, जिथे हात रिकामा होईल तिथे ती तुटलेली. थंडीत हात बधिर झाले की ओठांना लावून बघायची. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला, तळव्यावर अजून एक पांढरी रेघ आहे. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, त्यांनी ती रेघ रोज पाहिली होती, पण ती कशाची हे त्यांना त्या दिवशी कळलं.

सव्वादोन तास झाले. मी वही मिटली तेव्हा ते म्हणाले, "सुरुवातीला फौजेतला नंबर घेतला ना माझा? वाचून दाखवा." मी वाचला. एक आकडा चुकला होता. त्यांनी तो माझ्याकडून खोडून घेतला, नीट लिहून घेतला आणि पुन्हा वाचायला लावला.